टाकी आधी पाण्यानं भरायची

लोहारा, यवतमाळ
९ जानेवारी २०२५

मैत्रेयीच्या आईस,
जयभीम.

फोनवर माझा आवाज आला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. पत्रही बाजूला ठेवून देशील, पण ते घरात तर राहील. कधी ना कधी उघडशील. तू अक्षरावर बोट ठेवून वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो आहे. मैत्रेयीकडून वाचून घेऊ नकोस. काही गोष्टी लेकीच्या कानावर घालायला बरं वाटत नाही.

इकडचं ठीक. कढीपत्त्याला पाणी घालतो. भाकरी मला अजून थापता येत नाही, चौकोनी होते, पण पोटात गेल्यावर कोपरे कोण पाहतो? शेजारची हंसाबाई कधीमधी वरणाची वाटी आणून देते आणि वाटीबरोबर विचारते, बाई कधी येते. मी म्हणतो, नातवाची परीक्षा झाली की येते. नातू पहिलीत आहे, त्याची कसली परीक्षा, हे तिलाही कळतं. ती वाटी घेऊन निघून जाते.

तुझी अट मैत्रेयीनं मला सांगितली. मी कॉलेज सोडलं की त्या दिवशी तू यवतमाळची गाडी धरशील. बरं. आता माझंही थोडं ऐक.

आपला संघदीप गेल्यावर तू म्हणालीस, आता ह्या घरात ठिणगी नको. मी वेल्डिंगच्या दुकानाचं शटर ओढलं. मशीन देऊन टाकली, बोर्ड माळ्यावर टाकला. कोणी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आलं, कोणी खिडकीची जाळी घेऊन आलं, सगळ्यांना परत पाठवलं. दोन वर्षं मी घरात बसलो आणि बसून बसून माझं काय झालं ते तू पाहिलंस. तूच एकदा म्हणाली होतीस की तुम्ही भिंतीकडे पाहता तेव्हा मला भीती वाटते. मग मागच्या ऑगस्टमध्ये एमआयडीसीजवळच्या त्या खासगी आयटीआयवाल्यांनी बोलावलं. त्यांचा वेल्डिंगचा मास्तर सोडून गेला होता. नोकरी पक्की नाही, तासाप्रमाणे काम, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. लोक त्याला कॉलेज म्हणतात, मीही म्हणतो, जरा बरं वाटतं. तुला न विचारता हो म्हणालो, हे खरं आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस, हेही खरं आहे.

पहिल्या सोमवारी घरी आलो आणि शर्ट काढून दोरीवर टाकला. तू तो धुवायला घेतलास आणि मोरीत तशीच बसून राहिलीस. जळक्या लोखंडाचा वास. त्याच्या शर्टालाही तोच यायचा. मला कळायला पाहिजे होतं, पण मी आपला चहा मागितला. दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस आणि वणीला गेलीस.

ज्या गावात पोरगं गेलं त्याच गावात तू राहायला गेलीस, हे मात्र मला अजून समजलेलं नाही. लेक तिथं दिली आहे म्हणून गेली, असं मी लोकांना सांगतो.

सत्र जुलैपर्यंत आहे. मध्येच सोडलं तर पोरांची परीक्षा बुडेल. थंडी आहे, कान बांधत जा.

भीमराज


लोहारा
१७ फेब्रुवारी २०२५

मैत्रेयीच्या आईस,
जयभीम.

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी फाटकाशी जातो. पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं असं धरतो.

वर्गात सगळे पोट्टे आणि एक पोट्टी आहे. संगीता राठोड, दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची. तिचा बाप प्रेमसिंग तिला सोडायला आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, पोरीच्या डोळ्याला काही झालं तर तिच्याशी लग्न कोण करील? मी म्हटलं, काळ्या काचेतून पाहिलं तर डोळ्याला काही होत नाही, आणि लग्नाचा विषय माझ्याकडे नाही. तो हसला नाही. दारातून जाताना दोनदा मागे वळून पाहिलं त्यानं.

सुरुवातीला तिचा रॉड पत्र्याला चिकटून बसायचा. नवीन माणसाचा बसतोच. मी म्हणायचो, अगं, त्या रॉडाला माहेर सापडलं काय, निघायचं नावच घेत नाही. मग लक्षात आलं की हे तुला लिहिण्यासारखं वाक्य नाही. आता लिहिलं, राहू दे. सध्या मात्र तिचा हात बसला आहे. कढईत भजी सोडल्यावर जसा एकसारखा आवाज येतो तसा आवाज वेल्डिंगला आला पाहिजे. तिचा तसा येतो. मी पाठ करून उभा असलो तरी ओळखतो.

मागच्या आठवड्यात शाम नावाच्या एका पोरानं मित्रांपुढे शान मारायला काचेशिवाय वेल्डिंगचे टाके मारले. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे सुजले, वाळू गेल्यासारखं टोचतं म्हणून रडतो आहे असा पोरांचा फोन आला. त्याच्या पुढच्या वर्गाला मी घरून बटाटा घेऊन गेलो, चकत्या केल्या आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवल्या. चकत्या करताना हात थांबला. संघदीपच्या डोळ्यांवर तू ठेवायचीस आणि आधी त्याला रागवायचीस, मग मला. तो एक चकती खाली सरकवून एका डोळ्यानं टीव्ही पाहायचा.

एक गोष्ट लिहू की नको, ठरत नाही. लिहितोच. पुस्तकात धडे कसेही लावलेले असोत, मी कोणाच्या हातात रॉड देण्याआधी तेलाचा एक जुना डबा वर्गात आणून ठेवतो. आणि सांगतो की टाकी असो, ड्रम असो, नाहीतर हा डबा असो, आधी पाण्यानं भरायचा. जोड मारायचा तेवढीच जागा कोरडी ठेवायची. झाकण उघडं ठेवायचं. वास गेला म्हणजे डिझेल गेलं असं समजायचं नाही, ते गंजाच्या पापुद्र्याखाली बसलेलं असतं आणि लोखंड तापलं की वाफ होऊन बाहेर येतं आणि भडकतं. पाणी मिळत नसेल तर हात लावायचा नाही, घरी जायचं. हे मी सगळ्यांकडून बाराखडीसारखं मोठ्यानं म्हणवून घेतो. त्यांना गंमत वाटते.

त्या शामनं एकदा विचारलं, सर, तुम्ही फुटलेली टाकी पाहिली आहे का. मी नाही म्हटलं. वणीचा तो टँकर तू पाहिला नाहीस, तुला त्यांनी दवाखान्यातच थांबवलं होतं. मी पाहिला. पण ते काय वर्गात सांगायचं?

दवाखान्याच्या अंगणात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘साऱ्या गावाले शिकवलं यायनं, आपल्या पोराले नाही शिकवलं.’ मी काही बोललो नाही. लोकांनी त्याचा लावायचा तो अर्थ लावला, अजूनही लावतात. तुला तसं वाटत असेल तर वाटू दे. माझी त्याला हरकत नाही.

मैत्रेयी सांगत होती की तू रोज दुपारी स्वयंपाक झाकून ठेवून चंद्रपूर रोडला जातेस आणि संघदीप कामाला होता त्या टँकर बांधणाऱ्याच्या दुकानासमोर उभी राहतेस. पाऊण तास, कधी तास. मग येऊन जेवतेस. दुपारीच कशाला जातेस? त्या रस्त्याला कोळशाचे ट्रक फार आहेत. जायचंच तर कडेनं जा.

भीमराज


लोहारा
१५ एप्रिल २०२५

मैत्रेयीच्या आईस,
जयभीम.

काल जयंती झाली. मिरवणूक मोठी होती. विहारापुढे पंगत बसली, बायांच्या रांगेत वाढायला तू नव्हतीस. दरवर्षी बुंदीचं पातेलं तुझ्याकडे असतं, ह्या वर्षी दुसऱ्याच कोणाकडे होतं आणि त्या बाईनं मला थोडी जास्त वाढली. ती जास्तीची बुंदी मी शेजारच्या पोराच्या पानात टाकली. विधुराला वाढतात तशी वाढली तिनं.

म्हणून आज सकाळी मी राजीनामा लिहायला बसलो. खोटं सांगत नाही. मला हे आता झेपत नाही, मथुरा. घरात आल्यावर दिवा लावायचाही कंटाळा येतो. म्हटलं, जाऊ दे ते कॉलेज, परीक्षेचं त्यांचं ते पाहतील. दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. तेवढ्यात उकंडाचा फोन आला. उकंडा म्हणजे आमचा शिपाई. म्हणाला, सर, तुमच्यासाठी एक टाकी आली आहे.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. कोणा गिट्टी खदानवाल्यानं आपल्या जनरेटरची जुनी डिझेलची टाकी कॉलेजला दान दिली. वसतिगृहाला पाण्याची टाकी पाहिजेच होती. बुडाकडचा जोड गंजून फाटला आहे. प्राचार्यांचा हिशेब असा की पोरांनी तो जोड मारावा, त्यांचा सरावही होईल आणि टाकीही होईल. माणूस वाईट नाही, वयानं लहान आहे, पोरांसाठी धडपडतो.

आज माझा दिवस नव्हता तरी गेलो. वर्कशॉपच्या दाराशीच थांबलो. मग प्राचार्यांना सांगितलं की हिला पाण्यानं भरल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ते म्हणाले, ‘सर, इथं नळ आठवड्यातून एकदा येतो, पोरांना प्यायला पाणी पुरत नाही, आणि तुम्ही लोखंडाला पाजायला निघालात. चांगली धुऊन घेऊ ना. वास तर येत नाही.’

वास तर येत नाही. हे शब्द मी आधी ऐकले आहेत. कुठं ऐकले ते लिहीत नाही.

मी खडू घेतला आणि टाकीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, हात लावायचा नाही. घरी येऊन राजीनाम्याचा कागद चुलीपाशी ठेवून दिला. ती टाकी तिथं आहे तोवर मला सोडता येत नाही. तुला राग येईल, येऊ दे. आठवड्यातले तीन दिवस मी तिथं असतो आणि बाकीचे दिवस नसतो, ह्याचीच मला धास्ती बसली आहे.

ऊन फार आहे. दुपारी बाहेर पडतेस तर डोक्यावर पदर ओला करून घे.

भीमराज


लोहारा
२४ एप्रिल २०२५

मैत्रेयीच्या आईस,
जयभीम.

परवा मंगळवारी, सकाळी मी दूध तापवत होतो. उकंडाचा फोन आला. म्हणाला, ‘सर, पोट्ट्याईनं टाकी सुरू केली.’ प्राचार्य मीटिंगला गेले होते आणि जाताना सांगून गेले होते की आजच्या आज टाकी उरकून टाका.

मी गाडी काढली. दूध गॅसवर तसंच राहिलं, नंतर हंसाबाईनं धूर पाहून बंद केलं. रस्ताभर माझे कान पुढे लागले होते. एक ट्रॉली खड्ड्यात आदळली तेवढ्या आवाजानं मी गाडी थांबवून उभा राहिलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मला वाटत होतं की आता मी पोचलो तरी काय, पोचून मी पाहणारच आहे फक्त. एकदा पाहिलं आहे.

फाटकातून आत आलो तर वर्कशॉपसमोरची सगळी माती ओली. वसतिगृहाच्या हौदापासून टाकीपर्यंत पोरांची रांग लागलेली. बादल्या, घागरी, मेसची पातेली, कोणाच्या हातात तर चहाची किटली. टाकी त्यांनी उलटी करून फाटलेली बाजू वर आणली होती, एका तोंडाला नळी जोडून उभी धरली होती आणि त्यातून पाणी वरपर्यंत भरलं होतं, जोडाच्या खाली बोटभर जागा सोडून. नळीचं तोंड उघडं. आणि वर संगीता बसलेली, चेहऱ्यापुढे शील्ड धरून. आवाज येत होता, भज्यांचा. मी तिथंच ओल्या मातीत बसलो.

तिनं जोड पुरा केला आणि शील्ड वर केली. मला पाहून म्हणाली, ‘सर, तुमी काहून आले? आज तं मंगळवार हाय.’

मी मातीत बसूनच राहिलो. ती उतरून खाली आली, तिला वाटलं मी रागावलो. सांगायला लागली, ‘शाम म्हने, वास नाही येत, लावून टाकू. मी म्हटलं, सर काय म्हनते? पानी नाही तं घरी जा. आमच्या तांड्यावर याडी कोसभरून पानी आनते सर, इथं तं हौद समोरच हाय.’

याडी म्हणजे आई. शाम मागे मान खाली घालून उभा होता, त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. म्हणजे त्यानंही पाणी वाहिलंच होतं.

दुपारी प्राचार्य आले. वसतिगृहाचा हौद कोरडा पडला होता, नळ यायला अजून अवकाश होता. सगळ्यांसमोर मला बोलले. टाकी नीट झाली आहे हे त्यांना दिसत होतं, पण पोरं संध्याकाळी आंघोळ कशानं करणार, हेही त्यांना दिसत होतं. शेवटी म्हणाले की पुढच्या सत्रात तास दुसऱ्या कोणाला देऊ. मी बरं म्हटलं. त्यांना बहुतेक वाटलं होतं की मी भांडेन.

तेव्हा जुलैनंतर माझं कॉलेज संपलं. तुझी अट पुरी झाली, ये आता, असं लिहून हे पत्र इथंच संपवायचं होतं. तसं एक पत्र काल लिहिलंही. ते फाडलं.

संघदीप गेला त्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला होता.

तुला हे माहीत नाही. मी कोणालाच सांगितलं नाही, पोलिसांनाही नाही. म्हणाला, ‘बाबा, जुना डिझेलचा टँकर हाय, पान्याचा कराचा हाय. शेठ भराले पानी देऊन नाही राह्यला. म्हनते धुतला हाय, वास तं येत नाही.’ मी म्हटलं, ‘पानी नाही तं हात लावू नको. घरी ये.’ तो म्हणाला, ‘हाव बाबा.’ एवढंच बोलणं झालं. मी फोन ठेवला आणि हातातली खिडकी जोडायला घेतली.

त्याला शिकवलं होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून शिकवलं होतं. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी त्यानं लावलं. शेठनं घाई केली असेल. बरोबरच्या पोरांसमोर नाही म्हणायची लाज वाटली असेल. गावोगावी पाण्याच्या टँकरची ओरड होती, त्याला वाटलं असेल एवढ्यानं काय होतं. मला माहीत नाही.

हे तुला तेव्हाच सांगितलं असतं तर माझ्यावरचा राग तू त्याच्यावर नेला असतास. गेलेल्या पोरावर केलेला राग बाई कुठं ठेवणार? माझ्यावर करायला मी निदान घरात होतो. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून गप्प बसलो आणि तुझं बोलणं अंगावर घेतलं. मला वाटलं, तेवढं तरी माझ्याकडून व्हावं.

मग आता का सांगतो? त्या पोरीनं शील्ड वर केली ना, तिचा चेहरा घामानं भिजला होता, हसत होती. आणि मला आनंद व्हायच्या आधी संघदीपचा राग आला. तीन वर्षांत पहिल्यांदा आला. परक्याच्या पोरीनं ऐकलं आणि माझ्या पोरानं ऐकलं नाही. दोन दिवस झाले, तो राग जात नाही. एकट्यानं तो मला धरवत नाही, मथुरा.

हे पत्र मैत्रेयीला दाखवू नकोस.

भीमराज


लोहारा
५ मे २०२५

संघदीपच्या आईस,
जयभीम.

हे नाव मी तीन वर्षं लिहिलं नव्हतं. पूर्वी तुला सगळा मोहल्ला ह्याच नावानं हाक मारायचा. तो गेल्यावर मी मैत्रेयीची आई म्हणायला लागलो. तुझ्या ते पहिल्या दिवशीच ध्यानात आलं होतं, तुझ्या तोंडावर दिसलं होतं.

काल मैत्रेयीचा फोन आला. म्हणजे तू तिला पत्र दाखवलंसच. ती म्हणाली, आई फोनवर येणार नाही, पण तिनं सांगितलं आहे ते जसंच्या तसं सांगते. आणि तिनं तुझ्या बोलीत सांगितलं, ‘त्यानं मलेबी फोन केलता.’

मग तिनं रडत रडत बाकीचं सांगितलं. माझ्याशी बोलणं झाल्यावर दुपारी, आपल्या जेवणाच्या वेळेला त्यानं तुला फोन केला. म्हणाला, बाबा नाही म्हणून राह्यले, पण शेठ थांबत नाही, पटकन लावून टाकतो, तू बाबाले सांगू नको. तू त्याला विचारलंस, ‘जेवला काय?’ आणि मला सांगितलं नाहीस. मी भिंतीपलीकडे दुकानात खिडकी जोडत होतो.

मला राग आला. लपवत नाही. काल दिवसभर ह्या रिकाम्या घरात मी तुझ्याशी भांडत फिरलो. भिंतीवर एक थाप मारली असतीस तर मी त्याला परत फोन लावला असता, शेठला लावला असता, गाडी काढून वणी गाठली असती. आणि दवाखान्याच्या अंगणात तू मला बोल लावलास तेव्हा तुला माहीत होतं की मी नाही म्हटलं होतं. सगळ्यांमध्ये एक तुलाच माहीत होतं. मी तुला सांभाळतो आहे असं समजून तोंड शिवून बसलो आणि तू तेच माझ्यापासून लपवून बसलीस. मोरीत तो शर्ट हातात धरून बसली होतीस तेव्हा तुझ्या मनात काय चाललं असेल, हे मला काल कळलं. वणीला का गेलीस तेही कळलं. दुपारीच तिथं जाऊन का उभी राहतेस तेही.

संध्याकाळी भाकरी करायला बसलो. पीठ मळता मळता आठवलं. बाबाले सांगू नको, हे त्यानं तुला आयुष्यभर सांगितलं. सायकल नाल्यात पडली, बाबाले सांगू नको. गणितात नापास झालो, बाबाले सांगू नको. काचेशिवाय टाके मारले, डोळे दुखतात, बाबाले सांगू नको. तू कधी सांगितलं नाहीस. मला ते सगळं कळायचं आणि मी कळलं नाही असं दाखवायचो. माझा धाक होता, म्हणून पोराला लपायला तुझा पदर आहे, हे मला मनातून बरं वाटायचं. आपल्या घराची तशीच रीत पडली होती. त्या दिवशीही त्यानं तसंच सांगितलं आणि तूही तसंच केलंस. हे त्या सायकलीसारखं नाही, हे तुला कसं कळणार होतं? तुला टाकीचं मी कधी शिकवलंच नाही. साऱ्या गावाला शिकवलं आणि तुला नाही.

राग पूर्ण गेला असं लिहिणार नाही. तुझाही माझ्यावरचा गेला नसेल. निदान आता दोघांनाही माहीत आहे की कोणाला काय माहीत होतं.

कॉलेजचं सांगतो, म्हणजे पुन्हा लपवलं असं नको. जुलैपर्यंत मी जाणार. संगीताची परीक्षा आहे, शामची आहे. पुढच्या वर्षी ते मला बोलावणार नाहीत. पण दुसऱ्या कोणी बोलावलं तर मी जाईन, आणि पहिल्या दिवशी तो डबा घेऊनच जाईन. तुझ्या अटीपुढे हे माझं साफ उत्तर आहे. त्यावर तू यायचं की नाही ते तू ठरव. शर्ट मी बाहेरच्या नळावर धुतो आणि मागच्या बाजूला वाळत घालतो. घरात आणत नाही.

बुद्धपौर्णिमेला मी वणीला येतो. मैत्रेयीच्या दारात उभा राहीन, आत घेतलं नाहीस तरी चालेल. दुपारी तू जिथं जातेस तिथं मला सोबत ने. मी तुझ्या शेजारी उभा राहीन आणि काही बोलणार नाही.

एकच गोष्ट विचारायची आहे. तू त्याला जेवला काय म्हणून विचारलंस, एवढं मैत्रेयीनं सांगितलं. त्यावर तो काय म्हणाला, ते तिनं सांगितलं नाही, आणि तिला विचारायची माझी छाती झाली नाही. तेवढं मला तू सांग. तो जेवला होता का?

भीमराज